नागझिऱ्याच्या वाटेवर पांढरी-पिवळीच फुलपाखरं का दिसतात?

प्रश्न असा आहे. गोंदिया जिल्ह्यात, नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या एका शिक्षिकेनं विचारलंय: "दिवाळीच्या सुट्ट्या लागण्याआधी मुलांना घेऊन जंगलाच्या वाटेनं फिरलो. दुपारी एक ते तीन. जाण्याआधी मुलांना चित्रं दाखवली होती, पण दोन तासांत पांढरी आणि पिवळी सोडून काही दिसलं नाही. मुलं हिरमुसली. आमच्याकडे बाकीची फुलपाखरं नाहीतच का, की आम्हाला बघता येत नाहीत? कॅमेरा नाही, एक साधा मोबाइल आहे."

ताई, आहेत. तुमच्याकडे भरपूर आहेत. मी वीस-बावीस वर्षं मेळघाटापासून नागझिऱ्यापर्यंत हेच बघत फिरतोय, गावच्या गाइड मुलांना शिकवतोय, आणि पूर्व विदर्भाच्या जंगलाला फुलपाखरांचं दारिद्र्य कधी दिसलं नाही. तुमचं चुकलं ते दोन ठिकाणी. वेळ चुकली, आणि तुम्ही हवेत बघत होता. फुलपाखरू हवेत असतं तेव्हा ते कुठून तरी कुठे तरी निघालेलं असतं. ते निघतं कुठून आणि पोचतं कुठे, तिथे बघायचं. म्हणजे झाडावर, ओलीत आणि उन्हाच्या कवडशात.

आधी त्या पांढऱ्या-पिवळ्यांचं सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यांच्यातच आहे. पावसाळ्यात तुमच्या गावच्या रस्त्याच्या दोन्ही कडांनी तरोटा, म्हणजे टाकळा, माजतो. आपण त्याची कोवळी भाजी खातो, तसं त्या पानांवर पिवळ्या 'कॉमन ग्रास यलो'ची आणि फिकट हिरवट-पांढऱ्या 'मॉटल्ड एमिग्रंट'ची अळीही वाढते. बहाव्याच्या पानांवर 'कॉमन एमिग्रंट' वाढतं. तरोटा जितका, तितकी ही फुलपाखरं. शिवाय भर उन्हात उघड्या रस्त्यावरून उडायला ती कचरत नाहीत. म्हणून दुपारी एक वाजता दिसली ती तीच. प्रत्येक जातीच्या मागे असं एक झाड, एक वेल नाहीतर एक तण असतं. ते झाड ओळखलं की फुलपाखराचा पत्ता सापडला.

आणि त्या पांढऱ्यांतलं एखादं पांढरं नसेलही. मोहाच्या नाहीतर आंब्याच्या शेंड्याजवळ संथ तरंगणारं पांढरं फुलपाखरू दिसलं, तर ते खाली येऊन फुलावर बसेपर्यंत वाट बघा. पंख मिटले की खालची बाजू हळदीसारखी पिवळी आणि कडेनं कुंकवाच्या टिकल्या. 'कॉमन जेझेबेल'. राज्य जैवविविधता मंडळानं फुलपाखरांना मराठी नावं दिली, त्यात याला 'हळदीकुंकू' म्हटलंय, आणि इतकं चपखल नाव मला दुसरं माहीत नाही. याची अळी बांडगुळाची पानं खाते. जुन्या मोहावर बांडगूळ लटकलेलं दिसलं की मी तिथे मान वर करून दहा मिनिटं थांबतोच.

आता वेळ. फुलपाखराला स्वतःच्या अंगात ऊब तयार ठेवता येत नाही. उडायचे स्नायू तापल्याशिवाय त्याला नीट उडता येत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सकाळी आठच्या आधी ती पानाखाली गारठून बसलेली असतात. दव वाळायला लागलं, ऊन झाडांच्या शेंड्यांवरून खाली उतरलं, की ती पूर्वेकडच्या पानांवर येऊन पंख पसरून बसतात. हीच बघण्याची वेळ. साडेआठ ते साडेदहा. तेव्हा ती सुस्त असतात, पंख उघडे असतात, हातभर अंतरावर जाता येतं. अकरानंतर पळापळ सुरू होते. दुपारी एकच्या उन्हात जंगलातली बहुतेक फुलपाखरं सावलीला जातात. म्हणजे मुलं ज्या वेळी वाटेवर चालत होती, त्या वेळी ती दोन्ही बाजूंच्या झुडपांत पंख मिटून बसली होती. ढगाळ दिवस असेल तर जाऊच नका.

महिने म्हणाल तर पाऊस लागल्यावर महिन्या-दीड महिन्यानं गर्दी वाढते, आणि ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत ती टिकते. देशभर फुलपाखरं मोजण्याचा 'बिग बटरफ्लाय मंथ' २०२० पासून सप्टेंबरात होतो, तो त्यामुळेच. मुलांना सहभागी करता येईल.

उन्हाळ्यात मात्र सगळं उलटं होतं, आणि तो मोसम मला जास्त आवडतो. एप्रिलमध्ये जंगल भाजून निघालेलं असतं, पानगळ झालेली असते, आणि नाल्यात एखाद्याच वळणावर ओल उरलेली असते. मग दूरदूरची फुलपाखरं त्या ओलीवर येतात. असा एक नाला माझ्या नेहमीच्या वाटेवर आहे. खडकाच्या बुडाशी परातीएवढी ओली रेती. मी पोटावर झोपून तिच्या हातभर जवळ जातो. पन्नासेक एमिग्रंट पंख मिटून दाटीवाटीनं बसलेली असतात, सगळ्यांची तोंडं बहुतेक एकाच बाजूला, आणि मधोमध एक-दोन 'कॉमन जे', काळ्या पंखात निळसर-हिरवा काचेसारखा पट्टा. सोंड रेतीत खुपसलेली. नीट बघितलं की पोटाच्या टोकातून दर काही सेकंदांनी पाण्याचा टपोरा थेंब बाहेर पडताना दिसतो. ते तहान भागवत नसतं. पाणी गाळून त्यातले क्षार, मुख्यतः सोडियम, ते शरीरात ठेवतं आणि पाणी फेकून देतं. पाना-मधात सोडियम फार थोडं असतं. ओलीवर येणारे बहुतेक नर असतात, आणि हे क्षार मीलनाच्या वेळी मादीकडे जातात, तिच्याकडून अंड्यांत. 'स्पॉट स्वोर्डटेल' नावाचं लांब शेपट्यांचं, पट्ट्यापट्ट्यांचं फुलपाखरू तर मला जवळजवळ उन्हाळ्यातच दिसलंय, आणि तेही ओलीवरच.

तुमच्या गावात यासाठी नाल्यापर्यंतही जायला नको. आखरावर जा. गुरं जिथे सकाळी जमा होतात, तिथे मूत्रानं भिजलेली माती असते, क्षारांनी भरलेली. गुरं रानात गेली, आखर मोकळं झालं की साडेनऊच्या सुमाराला मुलांना तिथे उकिडवं बसवा. छोटी निळी फुलपाखरं हमखास येतात, नखाएवढी. त्यांतली काही बसल्यावर मागचे पंख एकमेकांवर वरखाली घासत राहतात. पंखाच्या टोकाला दोऱ्यासारखी शेपटी आणि तिच्या बुडाशी काळा ठिपका असतो. शेपटी हलली की मिशी वाटते आणि ठिपका डोळा वाटतो. पक्षी किंवा सरडा खऱ्या डोक्याऐवजी तिथे चोच मारतो, पंखाचा तुकडा जातो, जीव वाचतो. मागचे दोन्ही पंख सारखेच कुरतडलेलं फुलपाखरू मुलांना सापडलं, तर ते असं वाचलेलं असायची शक्यता मोठी.

चालायचं कसं, हे मला एका म्हाताऱ्या गायकीनं, म्हणजे गुराख्यानं, शिकवलं. सुरुवातीच्या वर्षांत मी एका तांबड्या फुलपाखराच्या मागे तेंदूच्या झुडपांतून पळत होतो. तो बांधावर बसून बघत होता. म्हणाला, "मागं मागं धावता कायले? इथंच बसा ना, ते वापस येते." बसलो. दोन-तीन मिनिटांत ते परतलं, त्याच तेंदूच्या त्याच पानावर. पुन्हा उठलं, दुसऱ्या फुलपाखराला हुसकावून लावलं, पुन्हा तिथेच. ते 'बॅरोनेट' होतं. नारिंगी-तांबूस पंखांवर काळी नक्षी, आपल्या कोरड्या पानझडी जंगलाचं अगदी आपलं फुलपाखरू. नर आपली जागा राखतो, म्हणून परत येतो. आणि तेंदूच का? त्याची मादी तेंदूच्या पानावर अंडी घालते. अळी हिरवी, दोन्ही बाजूंना पिसांसारखे काटेरी फुटवे, पानाच्या मधल्या शिरेवर अशी चिकटून पडते की शिरच वाटावी. तुमच्या गावात मे महिन्यात प्रत्येक घरात तेंदूपत्त्याचे पुडे बांधले जातात. त्याच झाडावर हे फुलपाखरू जगतं, हे मुलांना सांगितलं तर त्यांच्या आईवडिलांनाही सांगावंसं वाटेल.

तेव्हा पाच किलोमीटर चालू नका. पाचशे मीटर निवडा आणि तेच महिन्यातून दोनदा चाला. फुलपाखरू उठलं की जागीच थांबा. तुमची सावली त्याच्या अंगावर पडू देऊ नका, सावलीला ती हालचालीपेक्षाही जास्त दचकतात. पुढे सरकायचं ते खाली वाकून.

नजर कुठे ठेवायची? पायाजवळ, वाटेच्या उघड्या जमिनीवर 'पॅन्सी' बसतात, मराठीत भिरभिरी. पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके. कमरेच्या उंचीला रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची, फुलं. रायमुनिया बाहेरून आलेलं माजोरी झुडूप आहे, जंगलाचं त्यानं नुकसान केलंय, पण मध पुरवतं हेही खरं. एकदांडीच्या इवल्या फुलांवर लहान जाती. आणि वडा-उंबराच्या आसपास 'कॉमन क्रो', आपला हबशी, काळपट तपकिरी, कडेला पांढरे ठिपके, उडण्यात कसलीच घाई नाही.

घाई का नाही, हे महत्त्वाचं आहे. हबशी, रुईवरचं 'प्लेन टायगर', ईश्वरीच्या वेलीवर वाढणारं 'कॉमन रोझ' ही सगळी अळीपणी विषारी किंवा कडू पानं खातात आणि ते विष अंगात साठवतात. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्यांच्या वाटेला जात नाही. मग ज्यांच्या अंगात विष नाही, त्यांनी यांचं सोंग घेतलंय. 'कॉमन मॉरमॉन'ची मादी हुबेहूब 'कॉमन रोझ'सारखी दिसू शकते. या जातीला मराठीत बहुरूपी म्हणतात, आणि विदर्भात बहुरूपी दारावर आलेला ज्यानं पाहिलाय त्याला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. एकाच जातीच्या काही माद्या नरासारख्या, काही 'कॉमन रोझ'सारख्या, काही 'क्रिमसन रोझ'सारख्या. ओळखायची खूण एकच, पंख बघू नका, धड बघा. रोझचं धड लाल असतं, बहुरूप्याचं काळं.

दुसरं सोंग तुमच्या शाळेच्या आवारातच सापडेल. घोळीची भाजी उगवते ना, तिच्यावर 'डॅनेड एगफ्लाय' म्हणजे छोटा चांदवा अंडी घालतो. नर काळाभोर, पंखांवर निळसर-जांभळ्या झाकेचे पांढरे चांद. मादी मात्र नारिंगी, प्लेन टायगरची नक्कल. मागच्या पंखाच्या मधल्या भागात तीन-चार काळे ठिपके असले तर प्लेन टायगर, वरच्या कडेला एकच असला तर चांदव्याची मादी. नववी-दहावीची मुलंसुद्धा यावर तासभर वाद घालतात, घालू द्या.

नीलवंत म्हणजे 'ब्लू मॉरमॉन' मुलं विचारतीलच, कारण ते २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. असं फुलपाखरू जाहीर करणारं आपलं राज्य देशात पहिलं. विदर्भातही ते दिसतं, बहुधा दमट नाल्यांच्या कडेला, पण सह्याद्रीइतकं नाही. पहिल्याच फेरीत त्याची आस लावू नका. त्याच्या कुळातलं 'लाइम' मात्र सगळीकडे आहे. संत्र्याच्या, लिंबाच्या कलमांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी अळी दिसते ती त्याचीच. मोठी झाली की हिरवी होते. तिला काडीनं हलकेच टोचलं की डोक्यामागून नारिंगी दुबेळकं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. वरुड-मोर्शीचे संत्रेवाले हिच्यावर फवारे मारतात, आणि नर्सरीत नुकसान होतं हे मला मान्य आहे. घरच्या एका लिंबाच्या झाडाला मात्र चार-पाच अळ्या झेपतात.

आता एक गोष्ट जोर देऊन सांगतो. नागझिऱ्याच्या आत पायी फिरायची परवानगी नसते, आणि हद्दीबाहेरच्या जंगलातही वाघ, बिबट, अस्वल आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. मुलांना घेऊन जाताना वनरक्षकाला आधी विचारा, गावातला वाट माहीत असलेला माणूस बरोबर घ्या, आणि पहाट-संध्याकाळ टाळा. नशिबानं फुलपाखरांची वेळ ऊन वर आल्यानंतरची आहे. मोहफुलांच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, मोहाखाली मुलांना नेऊच नका. अस्वलं तिथे येतात. मी स्वतः फुलपाखरासाठी खाली वाकतो तेव्हा बरोबरचा माणूस उभा राहून आजूबाजूला बघत असतो, हा नियम मी कधी मोडलेला नाही. खरं तर लहान मुलांसाठी जंगल लागतच नाही. पांदण, बोडीची म्हणजे छोट्या तळ्याची पाळ, धानाच्या बांध्यांचे धुरे म्हणजे शेतांच्या कडा, एवढ्यात चाळीसेक जाती वर्षभरात मोजता येतील. धानातच 'कॉमन ईव्हनिंग ब्राऊन'ची अळी वाढते. ते फुलपाखरू पावसाळ्यात पंखाखाली डोळ्यांचे ठिपके मिरवतं, आणि कोरड्या दिवसांत त्याचीच पिढी ठिपके जवळजवळ टाकून वाळक्या पानासारखी होते. संध्याकाळी दिव्यापाशी घरात येणारं तपकिरी पान तेच.

धुऱ्यांचं निघालंच आहे तर माझ्या मनातलं दुःखही सांगतो. गेल्या काही वर्षांत वावराच्या धुऱ्यावर तणनाशक मारायची सवय लागलीय. पिकाला त्या धुऱ्यावरच्या तरोट्याचा, घोळीचा, रुईचा काही त्रास नसतो, पण धुरा चोख दिसावा म्हणून मारतात. एका फवाऱ्यात तिथल्या सगळ्या अळ्यांचं अन्न जातं. मोह वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, आग पुढे जंगलात जाते, आणि पाल्यात, गवतात टिकून असलेले कोष जळतात. शाळेतही 'स्वच्छ परिसर' म्हणून कुंपणाची रुई उपटतात. तुम्ही शिक्षिका आहात, निदान कुंपणाची रुई राखता आली तर बघा. मोह वेचणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याचं पोट आहे. झाडाखाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरून फुलं गोळा करता येतात, मी तसं करणारी घरं पाहिलीत.

साधनांचं थोडक्यात. मोबाइल पुरेसा आहे. मिटलेल्या आणि उघड्या पंखांचा असे दोन फोटो काढायचा प्रयत्न करा, कारण ओळख बऱ्याचदा खालच्या बाजूवरून पटते. वहीत तारीख, वेळ, जागा आणि कुठल्या झाडावर हे लिहा. जाळं नको, पकडणं नको. नाव अडलं तर फोटो 'आयनॅचरलिस्ट' या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकला की जाणकार मदत करतात.

आणि मुलांना पुढच्या सोमवारी काय दाखवायचं, तर रुई. कुंपणावरच्या रुईचं कोवळं पान उलटा. राईएवढं पांढरट, एकटंच चिकटलेलं अंडं दिसेल ते प्लेन टायगरचं. तीनेक दिवसांत अळी बाहेर येते. पुढे ती काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या कड्यांची होते, अंगावर काळ्या दोऱ्यांच्या तीन जोड्या. तिला पान खाताना बघा. रुईचा चीक घट्ट होऊन तोंड चिकटवतो, म्हणून ती आधी पानाची शीर कुरतडते, चीक तिथून गळून जाऊ देते, आणि मग त्याच्या पुढचं पान खायला घेते. इतकी छोटी अळी आधी नळ बंद करते हे बघून मुलं गप्प होतात.

वर्गात ठेवायची असेल तर बरणीला झाकण नको, वरून पातळ कापड बांधा. मी पहिल्यांदा घट्ट झाकणाच्या बाटलीत चार अळ्या ठेवल्या होत्या. आत वाफ धरली, विष्ठेला बुरशी आली आणि चारही मेल्या. तळाला कागद घाला, तो रोज बदला. पान रोज ताजं आणि रुईचंच, दुसरं कुठलंही ती खाणार नाही. पान आणल्यावर मुलांना हात धुवायला लावा, चीक डोळ्यात जाता कामा नये. दोन आठवड्यांच्या आसपास ती खाणं सोडून वर चढेल, उलटी लटकेल, आणि दुसऱ्या दिवशी हिरवा नाहीतर गुलाबीसर कोष दिसेल, त्यावर सोन्याचे बारीक ठिपके. मग आठ-दहा दिवस काही करू नका. कोष काळपट होऊन आतून नारिंगी पंख दिसायला लागले की दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आधीच या, बहुतेक सकाळीच बाहेर येतं. पंख आधी चुरगळलेले असतात. ते ताणून सुकायला तासाभराच्या वर वेळ लागतो, तोवर कुणी हात लावू नये. कापड काढून बरणी खिडकीत ऊन येईल अशी ठेवा.